परसदारची माहेरी निघते

दत्तात्रेय नवलगुंदकर यांनी उभ्या आयुष्यात जितक्या लोकांची झोप उडवली, तितकी ढेकणांनीसुद्धा उडवली नसेल. भुताखेतांच्या गोष्टी लिहिणारे मास्तर म्हणून एके काळी त्यांचं नाव साताऱ्यापासून धारवाडपर्यंत गाजत होतं. दिवाळी अंकांचे संपादक त्यांना पावसाळ्यातच गाठायचे आणि गोष्ट हातात पडेपर्यंत पिच्छा सोडायचे नाहीत. अशा माणसाचं काळीज वाघाचं असेल असं कुणालाही वाटेल. मास्तर पालीला भीत. कुत्र्याला तर भीतच, पण मांजर अचानक समोर आलं तरी दचकत. दिवेलागणीनंतर परसात वाळत घातलेला टॉवेल आणायचा झाला तर "कुसुम, येतेस का जरा बरोबर? तुलाही तेवढीच मोकळी हवा," असं म्हणत. कुसुमावतीबाई हसू दाबून बरोबर जात आणि टॉवेल स्वतःच काढून आणत.

लिहायला ते बसत सकाळी, आंघोळ झाल्यावर, धारवाडच्या माळमड्डीतल्या आपल्या घराच्या कट्ट्यावर, लख्ख उन्हात. समोर भाजीवाली ओरडत असली पाहिजे, शेजारी कुणीतरी धुणं आपटत असलं पाहिजे आणि बायको हाकेच्या अंतरावर असली पाहिजे. आजूबाजूला शांत झालं की त्यांचं लेखन थांबायचं. आपल्याच भुताबरोबर एकटं बसायची त्यांची छाती नव्हती.

आणखी एक खोड होती. भूत त्यांना कसलंही सुचे, पण घर सुचत नसे. कल्पनेतलं घर लिहायला घेतलं की जिना कुठून निघतो आणि न्हाणीघर कुठं आहे यातच ते अडकून पडत. म्हणून ते सरळ एखादं खरं घर उचलून गोष्टीत ठेवत. नोकरी हुबळीला, लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत. रोज धारवाडहून बसनं जायचं, बसनंच यायचं. वाटेत रायापूरच्या थांब्यावर बस उभी राहिली की खिडकीतून एक बंगला दिसे. तांबडं फाटक, बाजूला चिकूचं झाड, आणि भिंतीच्या कडेकडेनं मागच्या दाराकडे गेलेली शहाबादी फरश्यांची वाट. त्या वाटेवर पुढं काय असेल याचा विचार करता करता मास्तरांना एक बाई दिसायला लागली, आणि 'परसदारची' ही गोष्ट तयार झाली.

गोष्ट अशी की दिवेलागणीच्या वेळी त्या बंगल्याच्या मागच्या दाराशी एक बाई येते आणि विरजण मागते. दिव्याच्या वेळी विरजण कुणाला देऊ नये हे सगळ्यांना माहीत. पण ती इतक्या मऊ आवाजात मागते की घरातली बाई भुलते आणि देते. त्या दिवसापासून त्या घरात दही लागत नाही, दूध नासतं. मग घरातली माणसंही एकमेकांपासून फाटत जातात. बस, एवढंच. रक्त नाही, किंकाळी नाही. पण त्या वर्षी दिवाळीनंतर कित्येक घरांत संध्याकाळी परसदाराला कडी लागायला लागली.

मास्तरांकडून एकच चूक झाली. गोष्ट खरी वाटावी म्हणून त्यांनी फाटकाचा रंगसुद्धा बदलला नाही आणि 'रायापूरच्या बसथांब्यासमोर' असा पत्ताही देऊन टाकला. बंगल्यात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बस तिथं जेमतेम मिनिटभर थांबे, तेवढीच त्यांची ओळख. पुढं त्या गोष्टीचं कन्नड भाषांतर एका साप्ताहिकात आलं. कन्नडमध्ये तिला 'हित्तलव्वा' असं नाव पडलं, म्हणजे परसातली आई, आणि मग ती कुणाला आवरली नाही.

आता मास्तर ऐंशीला टेकले होते. पुस्तकं छापायची कधीच बंद झाली होती. जुन्या बाजारात शोधली तरी मिळत नव्हती. ज्या संपादकांनी त्यांचा पिच्छा पुरवला त्यांतले बहुतेक वर गेले होते आणि नव्या संपादकांना नवलगुंदकर म्हणजे मिठाईवाले वाटत. पण हित्तलव्वा जिवंत होती. पानाच्या टपरीवर, भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी कुणाला तिच्याबद्दल सांगताना मास्तरांच्या कानांवर येई आणि म्हातारा अंगावर मूठभर मांस चढल्यासारखा खुलून जाई. आपलं नाव पुसलं गेलं, पण आपण लिहिलेलं कुणाच्या तरी तोंडात आहे, याचं त्यांना फार सुख होतं. तेवढं एकच सुख उरलं होतं म्हटलं तरी चालेल.

त्या सुखाच्या मुळावर आषाढ संपता संपता एक मुलगी आली. तिचं नाव स्वाती. रायापूरचा तो बंगला तिच्या मावशीचा, आणि मावशीकडच्या जुन्या दिवाळी अंकातल्या नावावरून तिनं मास्तरांचं घर शोधून काढलं होतं. मावशी मुलाकडे पुण्याला गेली, आणि स्वातीनं हुबळीतली नोकरी सोडून तिथं पाळणाघर काढायचं ठरवलं. भिंती रंगवल्या, छोट्या गाद्या शिवून घेतल्या, फाटकावर फुलपाखरांचा बोर्ड लावला. रायापुरात नवरा-बायको दोघंही नोकरीला जाणारी घरं पुष्कळ, त्यामुळं पाळणाघर चालायला काही हरकत नव्हती.

"आईबाप येतात," ती कट्ट्यावर बसून सांगत होती. "आत येतात, गाद्या बघतात, छान आहे म्हणतात. मग मागचं दार दिसतं. मग म्हणतात, बघतो, कळवतो. कुणी कळवत नाही सर. दसऱ्यापर्यंत मुलं नाही आली तर मला बोर्ड उतरवावा लागेल. मावशी म्हणते, मग विकूनच टाकते. पण ते घर घेणार तरी कोण?"

"वाईट वाटतं," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूणही नव्हती. लोक अजून भितात हे ऐकून त्यांना आतून गुदगुल्या होत होत्या.

"तुम्ही एकदा येऊन सांगा की सगळ्यांना. ही गोष्ट मी रचली म्हणून. लेखकानंच सांगितलं तर लोक ऐकतील."

मास्तरांनी घसा खाकरला. साहित्याचा प्रदेश वेगळा, वास्तवाचा वेगळा, लेखकानं आपल्या कलाकृतीविषयी बोलू नये, असं बरंच काही ते बोलले. मनात एकच होतं. आपल्या तोंडानं 'ती खोटी' म्हणायचं, म्हणजे आपण जगात ठेवलेली एकमेव जिवंत गोष्ट आपल्या हातानं मारायची. त्यापेक्षा पोरीनं दुसरीकडे घर बघावं.

कुसुमावतीबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवला तो जरा जोरातच. "कधी यायचं सांग ग," त्या स्वातीला म्हणाल्या. "मी घेऊन येते यांना."

रविवारी सकाळी बंगल्याच्या अंगणात सभा भरली. स्वातीनं चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि चहा ठेवला होता, त्यामुळं गर्दी चांगली झाली. गल्लीतले रिक्षावाले, बँकेतले, शाळेतल्या बाया, कडेवर मुलं घेतलेल्या आया, सगळ्यांचं बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. समोरच्या घरातल्या विमलक्का खुर्ची घेऊन पुढं बसल्या होत्या. गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ त्या चालवत आणि गल्लीही त्याच चालवत.

मास्तर उभे राहिले. बायकोनं घरून पढवून आणल्याप्रमाणे त्यांनी सांगितलं, की ही बाई नव्हतीच. मी बसच्या खिडकीत बसून ती रचली. या घरात कधी काही घडलं नाही.

लोकांनी नीट ऐकून घेतलं. मग उमेश नावाच्या रिक्षावाल्यानं गिरमिटाचा घास संपवला आणि अदबीनं म्हणाला, "सर, तुमची तुम्ही रचली असेल. नाही कोण म्हणतंय? आमची खरी आहे की. माझ्या आत्तीनं बघितलीय."

"होय की," मागून कुणीतरी म्हणालं. "पांढरं लुगडं, मोकळे केस."

"पायात पैंजण," आणखी एकजण म्हणाला. "आणि पाय उलटे."

इथं मास्तरांचं बिनसलं. इतका वेळ ते गुन्हेगारासारखे उभे होते, ते एकदम ताठ झाले. आपल्या बाईच्या अंगावर कुणी पांढरं लुगडं चढवावं, तिला पैंजण घालावेत, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

"कुणी सांगितलं पांढरं?" ते कडाडले. "असलं भडक काम मी कधी केलं नाही. ती साधी इरकली नेसते, लाल काठाची, आणि खालचा काठ जरासा ओला असतो, नुकतंच अंगण शिंपडल्यासारखा. केस नीट विंचरून बांधलेले. पाय सरळ. पैंजण नाहीत, म्हणूनच ती आलेली कळत नाही. हातात पितळेची वाटी. ती वाटी पुढं करते आणि हसते, आणि तुम्हांला वाटतं, हिला आपण ओळखतो. कुठं बरं पाहिलं हिला? तेवढ्यात तुमचा हात विरजणाकडं गेलेला असतो."

अंगणात कुणाचा चमचा वाजेना. पुढच्या रांगेतल्या एका आईनं मुलाला छातीशी धरलं, चप्पल घातली आणि न बोलता फाटकाबाहेर पडली. तिच्या मागून आणखी दोघी गेल्या. स्वातीनं कपाळाला हात लावला. मास्तरांच्या लक्षात आपण काय करून बसलो ते आलं, पण खोटं कशाला सांगा, त्या शांततेत त्यांना क्षणभर फार बरं वाटलं.

विमलक्कांनी मात्र खुर्ची सोडली नाही. "मास्तर," त्या म्हणाल्या, "काठापदरासकट माहीत आहे म्हणजे ती तुमचीच की."

"माझीच," मास्तर मान वर करून म्हणाले.

"तुम्हीच जन्माला घातली."

"मीच. दुसऱ्या कुणाचा तिच्यावर हक्क नाही."

"मग न्यायला का आला नाही कधी?"

मास्तरांना प्रश्न कळला नाही. 

"पंचमी आली," विमलक्का म्हणाल्या. "गल्लीतल्या लेकी माहेरी निघाल्या. कुणाचा भाऊ येतोय, कुणाचा बाप येतोय न्यायला. आणि तुम्ही आपल्या पोरीला लोकाच्या मागच्या दाराशी उभी केलात आणि बसनं निघून गेलात. इतक्या वर्षांत एका पंचमीला बोलावणं नाही, लाडू नाही, खण नाही. ती बिचारी विरजण मागंल नाहीतर काय करंल? तिला दुसरं घर ठाऊक आहे काय?"

हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. मघाशी सत्य आणि कल्पना यांतला फरक ज्यांच्या गळी उतरत नव्हता, त्यांना यात समजावून सांगायला काही लागलंच नाही. आमच्या या भागात पंचमीला लेक माहेरी आली नाही तर शेजारीपाजारीसुद्धा बापाला जाब विचारतात. उमेशनं खेदानं मान हलवली. "चुकलंच की तुमचं सर," तो म्हणाला.

"अहो, पण तिला नेऊ कुठं?" मास्तरांचा आवाज बारीक झाला.

"माहेरी. धारवाडला. तुमच्या घरी."

 गोष्टीतलं भूत गोष्टीत ठीक, रायापूरच्या बंगल्यात त्याहून ठीक. पण माळमड्डीत, आपल्या घरात, जिथं परसात टॉवेल वाळत असतो तिथं? ती नाहीच, आपण रचलेली आहे, हे आत्ताच सर्वांना सांगितलेलं त्यांचं त्यांनाच आठवेना. त्यांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. निदान ही तरी नको म्हणेल.

कुसुमावतीबाई स्वातीच्या शेजारी बसल्या होत्या. "आणू या की," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं पंचमीला यायला दुसरं आहे कोण?"

त्या हसूनच म्हणाल्या. पण मास्तरांना ते वाक्य लागलं. इतक्या वर्षांत कुसुम हे कधी बोलली नव्हती, आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. गल्लीत दरवर्षी झोपाळे बांधले जात, पोरीबाळी येत, आणि हे दोघं कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या लेकींचं कौतुक करत. त्याचं वाईट वाटतं हे आपण मान्यसुद्धा केलं नाही, असं त्यांना त्या अंगणात उभ्या उभ्या वाटलं. त्यांनी खाली बघत मान डोलावली.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळीच दोघं रायापूरला गेली. सगळी गल्ली जमली होती. रविवारी पोरं उचलून गेलेल्या आयाही आल्या होत्या, जरा लांब उभ्या होत्या. मागच्या दाराशी विमलक्कांनी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. कुसुमावतीबाईंनी पिशवीतून इरकली साडी काढली, लाल काठाची, हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात स्वतः जाऊन निवडलेली. हिरव्या बांगड्या, खण, नारळ. पाटावर सगळं ठेवून ओटी भरायला त्या वाकल्या आणि विमलक्कांनी विचारलं, "नाव काय हिचं?"

मास्तर गोंधळले. सगळ्या गोष्टीत त्यांनी तिला 'ती' असंच म्हटलं होतं. नाव नसलं की भीती वाढते, हा त्यांचा हातखंडा. ते काहीतरी बोलणार तोच कुसुमावतीबाई म्हणाल्या, "सावनी."

लग्न झाल्यावर पहिल्या काही वर्षांत त्या दोघांनी मिळून ते नाव ठरवलं होतं. नंतर त्या नावाविषयी बोलायची वेळ आली नाही आणि ते तसंच राहून गेलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि तरी त्यांना नीट दिसेना.

"आता बोलवा," विमलक्का म्हणाल्या. "बापानं बोलवायचं असतं."

मास्तरांनी मनात एक छोटं भाषण तयार केलं होतं. ते काही आठवलं नाही. रिकाम्या पाटाकडे बघत ते म्हणाले, "चल बाळ. उशीर झाला मला." आवाज कापला तो भीतीनं की कशानं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. विमलक्कांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग गल्लीतल्या सगळ्याच बायकांना रडू आलं, लेक निघताना येतं तसं. लांब उभ्या राहिलेल्या आयासुद्धा पुढं आल्या. एकीनं पाटावरच्या साडीला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, "सुखानं जा ग अक्का."

उमेशनं रिक्षा पुसून, झेंडूची माळ लावून आणली होती. एका बाजूला कुसुमावतीबाई बसल्या. मध्ये साडीची ओटी ठेवली. मास्तर दुसऱ्या कडेला असे बसले की अर्धे रिक्षात आणि अर्धे बाहेर. "सर, आत सरका की, पडाल," उमेश म्हणाला. "तिला अवघडल्यासारखं होईल," मास्तर म्हणाले आणि दांडी घट्ट धरून तसेच बसले. पुढच्या चौकात एका बाईनं रिक्षाला हात केला, मधली जागा रिकामी बघून. "सीट इल्ला री," उमेशनं जागा नसल्याचं गंभीरपणे सांगितलं आणि रिक्षा थांबवलीच नाही.

माळमड्डीत दारात कुसुमावतीबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घालतात तसं उंबऱ्यावर पाणी घातलं. मास्तर दाराच्या बाजूला सरकून उभे राहिले, आधी तिला आत जाऊ दिलं आणि मग स्वतः गेले. पंचमीला झोपाळा बांधला. लाडू केले. दूध नासलं नाही, उलट दही असं लागलं की कुसुमावतीबाईंनी शेजारी वाटीवाटीनं वाटलं.

रायापुरात महिन्याभरात स्वातीच्या गाद्या कमी पडायला लागल्या. मागचं दार दिवसभर उघडं असे आणि पोरं त्यातून चिकूखाली पळत. मास्तरांना आनंद झाला, नाही असं नाही. पण हळूहळू लक्षात आलं की आता कुणी हित्तलव्वाचं नाव काढत नाही. टपरीवर लोक क्रिकेट आणि पाऊसपाण्याचं बोलत. त्यांनी मुद्दाम एक-दोन ठिकाणी विषय काढून पाहिला, तर समोरच्यानं फक्त 'हां, पूर्वी होती म्हणे' केलं. मास्तर तडक घरी आले. नवलगुंदकर नावाचा लेखक आता पूर्णपणे संपला, असं त्यांनी कुसुमावतीबाईंना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "संपला तर संपला. चकल्या केल्यात पोरांसाठी, डबा द्यायला चला."

त्या दुपारी रायापूरला कुसुमावतीबाई पोरांच्यात रमल्या आणि मास्तर फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर टेकले. मुलीला न्यायला आलेला एक तरुण तिथंच उभा होता. नोकरीनिमित्त नुकताच बेळगावहून आलेला, बोलका. त्यानं मास्तरांना नमस्कार केला आणि आपणहून म्हणाला, "चांगलं चालवतात हो. आधी मी जरा कचरत होतो. या घरात पूर्वी काहीतरी होतं म्हणतात. एक बाई."

"होती का?" मास्तर सावरून बसले. "मी ऐकलं होतं की कुणा लेखकानं लिहिलेली गोष्ट ती."

"छे हो. लेखक कुठला त्यात?" तरुण हसला. "खरीच होती. बरीच वर्षं त्या मागच्या दाराशी उभी असायची, कुणी न्यायला येत नाही म्हणून. मग यंदा पंचमीला तिचे वडील आले आणि घेऊन गेले. म्हातारे होते म्हणे फार. लेकीला रिक्षात ऐसपैस बसता यावं म्हणून स्वतः अर्धे बाहेर बसून गेले. समोरच्या अक्का सांगतात तेव्हा अजून रडतात."

मास्तरांनी तोंड उघडलं. मी दत्तात्रेय नवलगुंदकर, ती गोष्ट माझी, अमुक अंकात आलेली, हे सगळं ओठांपर्यंत आलं होतं. आतून स्वातीनं एका मुलीचं नाव पुकारलं आणि ती पाठीवर दप्तर घेऊन धावत आली. तरुणानं तिला उचललं.

"वडिलांचं काही कळलं का पुढं?" मास्तरांनी विचारलं. "कुठले, काय?"

"धारवाडचे म्हणे. नाव नाही माहीत कुणाला."

"असू दे," मास्तर म्हणाले. "उशिरा का होईना, आला ना न्यायला. पोर घरी सुखात आहे."